पाठवलेलं कोण?

सोनवडीच्या ख्रिस्ती मंडळीत स्वतःला प्रेषित म्हणवणारे एझ्राबाबा आले, ते मंडळीने पाठवलेल्या जीपमधून. वेदीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी फर्मावलं, "येशूच्या शिष्य पेत्राप्रमाणे मीही प्रेषित आहे. आजपासून इथे माझा शब्द चालेल. राहेलबाईंनी यापुढे प्रार्थना घ्यायच्या नाहीत."

वीस वर्षं वस्त्यावस्त्यांवर पायी फिरून प्रार्थना घेणाऱ्या राहेलबाईंनी मान खाली घातली. सगळ्यांचे डोळे शांतवन गुरुजींकडे वळले. गुरुजींनी आयुष्यभर धर्मशास्त्र शिकवलं होतं. प्रेषितपद येशूच्या पहिल्या प्रेषितांबरोबर संपलं, की आजही चालू आहे? दोन्ही बाजू त्यांना पाठ होत्या आणि खात्री एकीचीही नव्हती. पण गप्प बसलं तर बाईंचं काम जाणार होतं.

ते चाचरत उठले. "बाबा, प्रेषित म्हणजे पाठवलेला ना?"

"एवढं शिकलात आणि हे विचारता?"

"वय झालं, खात्री करून घेतो. तुम्ही येईनात, म्हणून आम्ही जीप पाठवली. म्हणजे पाठवलेली ती जीप. तुम्ही तर आणलेले."

हशा पिकला. गुरुजी मात्र हसले नाहीत. "आज प्रेषित असतात का, मला खरंच ठाऊक नाही. पण टेकडीपलीकडे यशोदाबाई अंथरुणाला खिळल्यात. प्रार्थनेसाठी वाट पाहताहेत. गाडी तिथवर जात नाही. निघता?"

बाबांनी आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं.

दाराशी राहेलबाई चपला घालत होत्या. एकेक करत सारी मंडळी उठली आणि त्यांच्यामागून चालू लागली.