आईने ठेवलेली बाटली

“मग ही बाटली गावच्या जुन्या वस्तूंच्या म्युझियमला देऊन टाकू का, फादर? ते केव्हाचे मागे लागलेत.”

फादर हिलरींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या निवासाचा व्हरांडा होता. समोर सांतान मच्याडो बसला होता, टॉवेलात गुंडाळलेली बाटली मांडीवर घेऊन. लहानपणी फादरांच्याच हाताखाली धर्मशिक्षण घेतलेला. आता वसईच्या त्या गावातला मोठा माणूस. नवरा-बायकोचं बिनसलं, बांधावरून वाजलं, की लोक सांतानकडे धावत. तोही दोघांना समोरासमोर बसवून क्षमेवर असं बोलायचा, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! कारण सख्खा भाऊ कुंपणापलीकडे राहत होता, आणि त्याच्याशी तीस-बत्तीस वर्षं एक शब्द नाही.

“मुलगा म्हणतो, नातीच्या लग्नात उघडू,” सांतान म्हणाला. “सून म्हणते, चर्चमध्ये द्या. मला तर काहीच सुचत नाही.”

“आई काय म्हणाली होती?”

“तुम्हाला ठाऊक आहे, फादर.”

“तू सांग.”

सांतानने टॉवेल सोडला. काळी बाटली, तोंडावर मेण.

“आम्ही भांडलो त्या वर्षीची. नाताळला मनुकांची वाइन केली तिने, आणि ही एक बाजूला ठेवली. म्हणाली, दोघं भाऊ एका टेबलाशी बसाल तेव्हाच उघडा... पुढच्या नाताळला ती नव्हती.”

“मग बसला का नाहीत?”

“त्याने मला चोर म्हटलं, फादर! विहिरीच्या पाण्याची पाळी त्याची होती, मान्य. माझ्या केळी सुकत होत्या, मी पाणी वळवलं. म्हणून चोर? आईच्या देखत? तो शब्द त्याने परत घ्यावा, एवढंच माझं म्हणणं होतं. मी लगेच गेलो असतो.”

“आणि आता?”

“आता... बावतीसदादाला काही आठवत नाही. डोकं गेलंय त्याचं. संध्याकाळी कुंपणाशी खुर्ची टाकून बसतो. मी दिसलो की म्हणतो, या, बसा ना. कोण तुम्ही?”

“तू बसतोस?”

“कसा बसू? शब्द परत घेणार कोण? त्याला तर भांडणच आठवत नाही!”

फादरांनी हात पुढे केला. सांतानने बाटली दिली, पण सोडवत नव्हती.

“ठेवली कुठे होतीस?”

“घरातल्या वेदीवर. पवित्र मरियेच्या पायाशी.” मान जरा ताठ झाली. “रोज रोजरीच्या प्रार्थनेला तिच्याजवळ मेणबत्ती लावायचो. एक दिवस चुकलो नाही. धूळ बसू दिली नाही कधी.”

“उभीच?”

“म्हणजे काय! वेदीवर आडवी ठेवायची? बेवड्याच्या घरी पडलेली असते तशी?”

फादरांनी नखाने मेण खरवडलं.

“फादर! अहो, काय करताय?”

अंगठा नुसता टेकवला, तर बूच भुगा होऊन आत पडलं.

व्हरांडाभर आंबूस वास सुटला. दोन स्टीलचे पेले होते, फादरांनी त्यांत थोडं थोडं ओतलं. एक स्वतः प्यायले. दुसरा पुढे सरकवला.

सांतानने ओठाला लावला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. निव्वळ शिरका.

“बूच ओलं राहावं म्हणून आडवी ठेवतात,” फादर म्हणाले. “उभी ठेवली की ते सुकतं. त्यात तुझ्या मेणबत्तीची रोजची ऊब.”

सांतान पेल्याकडे बघत राहिला. मग एवढा मोठा माणूस टॉवेलात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला.

“आईच्या हातची शेवटची होती हो... जिवापाड जपली मी. मीच नासवली.”

फादरांनी त्याला रडू दिलं. घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने सांतानने नाक पुसलं.

“पहिल्याच वर्षी गेलो असतो तर?”

“चांगली लागली असती.”

“पाचव्या वर्षी?”

“तेव्हाही.”

“आणि आता काय करू हिचं? ओतून टाकू?”

फादरांनी टॉवेलाचं टोक पिळून बाटलीच्या तोंडात बसवलं, आणि बाटली त्याच्या हातात दिली.

“संध्याकाळ होतेय. कुंपणाशी खुर्ची टाकली असेल त्याने.”

“हा शिरका घेऊन जाऊ? त्याच्याकडे?”

“आईने दिलंय म्हणावं.”

सांतान उठला. पायरीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. जात्याच हट्टी, हट्टात त्याचा हात कोण धरणार!

“पण फादर, तो शब्द... तो तसाच राहिला ना. मला चोर म्हणालाय तो. ते कोण मिटवणार?”

फादर हिलरी खुर्चीचा आधार घेऊन कसेबसे उभे राहिले.

“भांडण दोघांचं होतं, सांतान. तो तर त्यातून केव्हाच उठून गेला... तू एकटाच किती वेळ बसणार आहेस?”