दातपाडीची ठकू

फार वर्षांपूर्वी, म्हणजे कोंडई नदीवर एकही पूल नव्हता आणि डोंगरातून खाली उतरायला माणसाला पाय आणि बांबूला पाणी एवढ्याच दोन वाटा होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वरच्या अंगाला, उभ्या कड्याच्या पायथ्याशी, कडेवाडी नावाची वस्ती होती. वाडीतली माणसं रानात बांबू तोडायची, त्याचे तराफे बांधायची आणि पावसाळा सरत आला, पण पाण्याचा जोर अजून ओसरला नाही, असा दिवस धरून ते तराफे थेट खाडीवरच्या बंदरात न्यायची. वाटेत कोंडई कातळांवरून सात उड्या घेते. त्यांतली पहिली, वाडीला लागूनच असलेली, ती दातपाडी. नावात सगळं आलंच. खरं तर नुसत्या दातांवर भागलं, तर माणूस नवस फेडायला जायचा.

दातपाडीच्या तोंडाशी तराफेकऱ्यांची एक रीत होती. पळसाचं सुकं पान पाण्यात सोडायचं. पान ज्या वाटेनं जाईल, त्या वाटेनं तराफा घालायचा. आजे-पणजे असंच करत आले. त्यांतले काही बुडालेही, पण ते आपल्या नशिबानं बुडाले, पानाचा काय दोष, असं सगळे म्हणायचे.

ठकूचा नवरा बारकू असाच गेला. त्या दिवशी पान डावीकडे गेलं, म्हणून बारकूनं तराफा डावीकडे घातला, आणि डावीकडच्या कातळानं तराफ्याच्या चिंध्या केल्या. बारकूचा धाकटा भाऊ नावजी त्याच तराफ्यावर होता. तो वाचला, पण गुडघा कायमचा निकामी झाला. पान त्यानंच सोडलं होतं. ठकूसमोर बसून तो पुन्हा पुन्हा तेच सांगायचा, "पान डावीकडंच गेलं, वैनी. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. मी नाय चुकलो."

ठकूला मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. चुलीपुढे एकटीनं बसवेना, म्हणून ती दातपाडीच्या काठावर जाऊन बसू लागली. बसून करायचं काय? तिनं पानं सोडली, काटक्या सोडल्या. मग एके दिवशी घरातला सुका भोपळा अर्धा पाण्यानं भरला, तोंड बुचानं बंद केलं आणि सोडून दिला. भोपळा अर्धा बुडून तरंगत निघाला. पान गेलं होतं डावीकडे. भोपळा गेला उजवीकडे, दोन कातळांमधल्या फटीतून, आणि खालच्या वाळूवर धड लागला. तिनं दुसरा सोडला. तोही तसाच.

तीन पावसाळे ठकू भोपळे सोडत राहिली. वाडीत भाजीला भोपळा मिळेना. खालच्या गावची माणसं वाहत आलेले भोपळे उचलायची आणि म्हणायची, "घ्या, ठकूचा निरोप आला." कुणी तिला वेडी म्हटलं, कुणी तोंडावर म्हटलं. ती कुणाशी भांडली नाही. नावजीला मात्र तिनं एकदा समोर बसवून सांगितलं, "भावजी, पान खोटं नव्हतं आणि तुम्हीही खोटे नव्हता. पान हलकं होतं. ते वरच्या पाण्यावरून गेलं. भरल्या तराफ्याला खालचं पानी ओढतं." त्या रात्री नावजी कितीतरी दिवसांनी झोपला, असं म्हणतात.

असंही म्हणतात की पुढे पुढे ठकूला भोपळाही लागेना. काठावरच्या कातळावर अनवाणी उभी राहिली, की खालचं पाणी कुठे वळतंय ते तिच्या तळव्यांना कळायचं.

मग ते साल आलं. आश्विन लागला होता, वाडीतले सगळे कर्ते तराफेकरी माल घेऊन बंदरावर गेले होते. मागे राहिली बायका, पोरं, म्हातारी माणसं आणि लंगडा नावजी. नव्या तांदळाची खीर झाली. ठकूच्या हाताला अंदाज फार चांगला, म्हणून वाढायचं काम तिच्याकडे आलं. तिनं त्रेचाळीस द्रोण भरले आणि वाडीत माणशी एक वाटला. पाऊस तेव्हाच सुरू झाला होता. तो तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी पहाटे पायवाट वाहून गेली, आणि उजाडल्यावर बघतात तो वरच्या कड्याला भेग पडलेली. सकाळी तिच्यात बोट जात होतं. न्याहारीच्या वेळेला हात जायला लागला.

कडा येणार हे पोरांनाही कळलं. खाली जायला नदीशिवाय वाट नव्हती, आणि नदीत दातपाडी. म्हाताऱ्यांनी पळसाचं पान आणा म्हणून ओरडा केला. तेव्हा नावजी काठी टेकत पुढे आला.

"पान नको," तो म्हणाला. "माझा भाऊ पानापायी गेला. वैनी सांगेल तशी वाट धरा."

तराफ्यावर बाईनं पाऊल ठेवू नये, असा त्या काठचा कडक नेम होता. त्या दिवशी तो कुणाला आठवला नाही. बायकांनी अंगणातला बांबू ओढून आणला, नावजीनं बसल्या बसल्या सहा तराफे बांधले, आणि ठकू नवऱ्याची लांब काठी घेऊन पहिल्यावर चढली.

तराफा सोडण्याआधी तिनं वरची माणसं मोजली, बारकू मोजायचा तशीच. आता तराफेकऱ्यांच्या मोजणीची एक गंमत होती. काठी धरणारा स्वतःला कधीच मोजत नसे. मोजायचा तो माल, आणि माल बंदराला लागेपर्यंत नदीचा, असं ते मानायचे. स्वतःला मोजणं म्हणजे स्वतःला नदीच्या हवाली करणं. ठकूनं पानाची रीत मोडली होती, ही मात्र पाळली. बारकूची होती म्हणून पाळली.

पहिला तराफा फटीतून सुटला आणि वाळूवर लागला. माणसं उतरली, रडली, एकमेकांना बिलगली. ठकू थांबली नाही. उजव्या काठानं, शेवाळलेल्या कातळांवरून, काठी खांद्यावर टाकून ती पुन्हा वर चढली. दुसरा आणला. पुन्हा वर. धडधाकट गड्याला त्या चढणीला तासभर लागतो, म्हाताऱ्या-पोरांचं तर तिथून चढणं-उतरणं शक्यच नव्हतं. असं म्हणतात की त्या दिवशी कातळांनी तिच्यासाठी पायऱ्या केल्या, आणि ती चढत असे तोवर कोंडई श्वास रोखून धरत असे. तरी तिच्या तळव्यांतून रक्त येत होतं, हे वर राहिलेल्यांनी पाहिलं. सहाव्या तराफ्यावर शेवटी नावजी होता. तो खाली लागला तेव्हा दुपार कलली होती.

वाळूवर सगळ्यांना बसवून ठकूनं मोजलं. बेचाळीस.

तिनं पुन्हा मोजलं. बेचाळीस.

"त्रेचाळीस द्रोण भरलेत मी," ती म्हणाली. "एक माणूस कमी हाय. कोण नाय बघा."

आयांनी पोरं चाचपली, सुनांनी सासवा पाहिल्या. ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्या जवळ होतं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ठकूच्या मनात आलं, हरवलेलं माणूस कुणाच्याच घरचं नसेल, तर त्याला घरच नाही. मागे-पुढे कुणी नसलेलं कुणीतरी वर एकटं बसलं असेल, आपल्यासाठी कोण येणार असं म्हणत. ते बसणं काय असतं, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. तिनं काठी उचलली.

"वैनी, कोण राह्यलंय?" नावजीनं विचारलं.

"ज्याचं कुणी नाय ते," वळून न पाहता ती म्हणाली आणि कातळांत दिसेनाशी झाली.

नावजीला चैन पडेना. तो वाळूत खडे मांडायला लागला, एका माणसाला एक खडा, घराघरानं नावं घेत. बेचाळीस खडे झाले. मग त्यानं ठकूच्या घराचं नाव घेतलं, आणि त्याचा हात तसाच थांबला.

तो उठला, पडला, पुन्हा उठला. "वैनी, तूच ती! मागं फिर!" सगळी वाडी ओरडायला लागली. म्हातारी ओरडली, तान्ही पोरं रडली. पण दातपाडीचा आवाज त्याहून मोठा. वर धुरकट पावसात ती त्यांना दिसत होती. एकेका झोपडीत वाकून बघत होती, हाका मारत होती, पुढच्या दारात जात होती. शेवटच्या घरात शिरली, तेव्हा कडा आला.

चार दिवसांनी पाणी ओसरलं. ठकू सापडली नाही. कड्याचा एक दगड, चार घरांएवढा, दातपाडीच्या डाव्या वाटेत येऊन बसला होता. ती वाट कायमची बुजली. त्यानंतर दातपाडीत एकही तराफा फुटला नाही. तो दगड ठकूनंच लोटला, असं म्हणतात. आणि हेही म्हणतात की धुक्याच्या दिवशी कातळांवरून एक बाई चालत असते, येणाऱ्या प्रत्येक होडीत वाकून बघते, आणि एक माणूस कमी भरलं की वर चढून जाते.

तराफे केव्हाच गेले. आता कोंडईत रबरी होड्या असतात. सुट्टीला शहरातली माणसं येतात, फुगीर जाकिटं आणि डोक्यावर टोप्या चढवून, वल्ही उलटीसुलटी मारत, किंचाळत दातपाडी उतरतात. त्यांना नेणारे वाटाडे कडेवाडीच्या त्या बेचाळिसांचे नातू-पणतू. होडी सोडण्याआधी वाटाड्या माणसं मोजतो, आणि आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून 'एक' म्हणतो. त्या नदीवर दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं मोजत नाहीत.

शेवटची होडी खाली लागली, की सगळ्या होड्या वाळूवर ओढतात. वाटाडे पडक्या कड्याकडे तोंड करून उभे राहतात आणि बेंबीच्या देठापासून ओरडतात, "ठकूबाय, तुला धरून त्रेचाळीस!" पाहुणे पहिल्यांदा हसतात. मग कुणीतरी विचारतं, वाटाड्या ही गोष्ट सांगतो, आणि पाहुणेही उठून कड्याकडे तोंड करतात. दातपाडीच्या आवाजात ते वर पोचतं की नाही, कुणाला ठाऊक. म्हणून रोज ओरडतात.