हशमचाचांचा लांब स्क्रू ड्रायव्हर

गाड्या नुकत्याच बोलायला शिकल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आंबा घाटाच्या पायथ्याशी हशमचाचांचं गॅरेज होतं. एका सकाळी तिथे हत्तीएवढी नवी गाडी येऊन थांबली. तिच्या डॅशबोर्डवरचा स्क्रीनचा पडदा असा झळाळत होता की भिंतीवरची हत्यारं बघतच राहिली.

"चाचा, घाट चढताना ही दोनदा बंद पडली," मालकीण हेमांगीताई म्हणाल्या. "मागे दरी आणि आत माझी लेकरं! कंपनीवाले म्हणतात, काही दोष नाही."

"नाहीच मुळी!" पडदा ऐटीत म्हणाला. "सगळे दिवे हिरवे आहेत माझे."

चाचांनी भिंतीवरचा लांब, गंजलेला स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले.

त्या लोखंडातून इंजिनाचा आवाज वर आला, खोल विहिरीतून यावा तसा. "बेअरिंग झिजलंय माझं. पहिल्या महिन्यापासून ओरडतंय मी."

चाचांनी डोळे उघडले. "ताई, बेअरिंग गेलंय. आता ही गाडी घाटात न्यायची नाही."

पडदा पहिल्यांदाच मंद झाला. "मी इंजिनाच्या इतका जवळ राहतो," तो स्क्रू ड्रायव्हरला म्हणाला, "तरी मला कधी ऐकू आलं नाही. तुझ्यात तर साधी तारसुद्धा नाही!"

स्क्रू ड्रायव्हर म्हणाला, "मला माझं काही सांगायचं नव्हतं ना."