कासवछाप नाणं

फार पूर्वी सोमावती नगरीवर राजा सुदर्भ राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका व्यापारी घराण्यात जन्माला आला. त्याचं नाव सुभग ठेवलं होतं. मोठा झाल्यावर तो बैलगाड्यांचा तांडा घेऊन दूरदूरच्या मुलखात व्यापार करू लागला. माल खरा द्यायचा आणि माप पुरं भरायचं, अशी त्याची रीत होती. लोक त्याला मानत.

सुभगाला नाद एकच होता, जुन्या राजांची नाणी जमवण्याचा. सोमावतीत आजवर जेवढे राजे झाले, त्या प्रत्येकाचं एकेक नाणं त्याच्यापाशी होतं. चंदनाच्या एका पाटावर त्यानं खोबणी कोरून घेतल्या होत्या, आणि एकेका खोबणीत एकेक नाणं बसवलं होतं. फक्त एक खोबण रिकामी होती. ती राजा सुयामाची.

सुयाम राजानं नगरीच्या वरच्या अंगाला मोठं तळं बांधलं होतं. त्या तळ्यावर सगळी शेतं पिकत. बांधाच्या खाली, अगदी पायथ्याला, कुंभारांची वस्ती होती. सुयामाच्या नाण्यावर कासवाचा शिक्का असे. पुढं त्याच्या पुतण्यानं गादीवर बसल्याबसल्या ती सगळी नाणी गोळा करून वितळवली. त्यामुळं कासवछाप नाणं म्हातार्‍या माणसांनीही पाहिलेलं नव्हतं.

सुभगाची बायको अनुला त्याला हसायची. म्हणायची, "अहो, पाटावरची एक खोबण रिकामी आहे, आणि तुम्ही घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड करून बसता." सुभगही हसायचा. पण जेवता जेवता त्याची नजर त्या पाटाकडे जायचीच.

शेवटी त्यानं बाजारात दवंडी पिटवली की, कासवछाप नाणं आणून देणाराला चांदीची शंभर नाणी मिळतील. लोकांना नवल वाटलं. एका नाण्याला शंभर कुणी देतं का? पण सुभग श्रेष्ठी देतो म्हणतो, म्हणजे त्या नाण्यात काहीतरी असणार, असं जो तो म्हणू लागला. पिंगिय नावाचा दुसरा एक श्रीमंत व्यापारी होता. त्याला नाण्यांचा गंधसुद्धा नव्हता. पण सुभगाकडे नाही ते आपल्याकडे असावं, असं त्याला फार वाटे. त्यानं दोनशेची दवंडी पिटवली. मग सुभगानं तीनशेची. असं करता करता भाव एवढा चढला की, तेवढ्यात चार जोड बैल आले असते.

पावसाळा नुकताच सरला होता, आणि तळं काठोकाठ भरलं होतं. अशात एक दिवस सोणक नावाचा कुंभार सुभगाच्या दारी आला. त्यानं कमरेची गाठ सोडून एक नाणं पुढं केलं. सुभगानं ते उजेडात धरलं. कासव स्पष्ट दिसत होतं, चारी पाय आणि मान बाहेर काढलेलं. 

सोणक म्हणाला की, पिंगियशेठ हजार द्यायला तयार आहेत, पण मी आधी तुमच्याकडे आलो. सुभगाजवळ रोकड तेवढी नव्हती. नदीकाठची आमराई विकली असती तर जमलं असतं. ती आमराई त्यानं लेकीच्या नावानं लावली होती. लेक अजून पाळण्यात होती. तिला आंबे लागायला अजून पुष्कळ दिवस आहेत, विकावी का, असा विचार त्याच्या मनात येऊनही गेला. नाणं खोबणीत ठेवून तरी बघू, म्हणून त्यानं ते पाटावर ठेवलं. ते नीट बसेना. खालून काहीतरी अडत होतं.

त्यानं नाणं उलटं केलं. मागच्या बाजूला चुना चिकटलेला होता. नखानं खरवडला, तर आतून ओला निघाला.

 त्या काळी एक रीत होती. तळं बांधताना राजा आपल्या शिक्क्याची चार-पाच नाणी बांधाच्या मोरीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, दगडांखाली चुन्यात बसवायचा. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, सुभगालाही होती. पण पायाभरणीत घातलेल्या नाण्याला कुणी नाणं म्हणत नसे. ते बांधाचं असे, जसा दगड बांधाचा, माती बांधाची. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, आणि दवंडी पिटवताना ते सुभगाच्याही मनात आलं नव्हतं.

त्यानं आवाज न चढवता विचारलं, "सोणका, मोरीखालून काढलंस?"

सोणक म्हणाला, "धनी, बांध केवढा आणि भोक केवढं. माझा हात आत जाईल, बस एवढंच."

"अरे, तुझं घर त्याच बांधाच्या खाली आहे ना? पोरं तिथंच निजतात ना तुझी?"

"पैसे मिळाले की आम्ही तिथं राहतोय कशाला?" सोणक म्हणाला.

सुभगानं विचारलं, "आणि बाकीचे?"

 हा प्रश्न सोणकाला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

सुभग तसाच उठला आणि पायात काही न घालता तळ्याकडे निघाला. सोणक मागोमाग. वस्तीत पोचतात तो बायकांचा हसण्याचा आवाज कानावर आला. मोरीजवळच्या दगडांतून पाण्याची बोटभर जाड धार बाहेर पडत होती, आणि बायका रांगेनं घागरी भरत होत्या. एक जण म्हणाली, "दादा, बघा तरी. देवानं आपसूक झरा दिला. आता वर चढून पाणी आणायला नको." खाली छोटंसं डबकं साचलं होतं. त्यात एक तान्हं पोर बसून दोन्ही हातांनी पाणी उडवत होतं.

सुभगानं धारेखाली ओंजळ धरली. पाणी गढूळ होतं. त्याच्याबरोबर बांधाची माती येत होती.

पुढं होऊन पाहिलं तर भोक एकच नव्हतं. गवताच्या पेंढ्या लावून झाकलेली आणखी दोन भोकं होती, आणि ती सोणकानं पाडलेली नव्हती. ती पाहून सोणकही पांढराफटक पडला. आपल्यासारखंच आणखी कुणाला सुचेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सुभगानं बायकांना पोरं घेऊन टेकडीवर जायला सांगितलं. मोरीचं दार उघडून तळ्याचं पाणी ओढ्याला सोडलं. कुंभारांनी माती तुडवली, चिकणमातीचे गोळे करून भोकांत ठासले. धार बारीक झाली, पण थांबली नाही. बांधावर राखणीला माणसं बसवली, आणि सुभग घटकाभर टेकला. तेवढ्यात त्या राखणदारांतलाच एक जण जवळ आला आणि हळूच म्हणाला, "श्रेष्ठी, ती नाणी नेमकी कुठल्या दगडाखाली आहेत हो?"

सुभग त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. माणूस चांगला होता, बाहेरचा नव्हता. त्याचंही घर खालीच होतं.

सुभग घरी आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. त्यानं सगळं सांगितलं. अनुलाची बोटं पाळण्याच्या दोरीवर जागच्या जागी थांबली. तिनं एवढंच विचारलं, "त्या बाळाला उचललं ना तिथून?"

"उचललं," तो म्हणाला. "पण माझी दवंडी अजून बाजारात फिरतेय. मी नाणं घेतलं तर उद्या सगळी वस्ती बांध उकरील. नाही घेतलं तर पिंगिय घेईल, म्हणजे तेच. राखण तरी किती दिवस बसवणार? राखणदारालाही भाव ऐकू येतो."

 मग सुभगानं चंदनाचा पाट उचलला, काखेत मारला, आणि तो बाजारात गेला.

सोनाराच्या दुकानापुढं तो थांबला आणि त्यानं शेगडी पेटवायला सांगितलं. लोक जमले. पिंगियही आला, पाटाकडे बघत. सुभगानं पाट उलटा केला. आयुष्यभर जमवलेली नाणी मुशीत पडली. सोनाराला वाटलं, काहीतरी चुकतंय, म्हणून तो भात्याला हात लावेना. तेव्हा सुभग स्वतः भाता ओढायला बसला.  राजांचे शिक्के, हत्ती, सूर्य, झाडं, एकेक करून मऊ झाले आणि एकमेकांत मिसळून गेले. मुशीत नुसती चांदी उरली.

मग सुभगानं सोणकाचा हात धरून त्याला पुढं आणलं आणि कासवछाप नाणं पिंगियापुढं धरलं. "पिंगिया, माझ्या पाटावर आता एकही नाणं नाही. मला कसलीच खोबण भरायची नाही. तू याला आता काय देशील?"

पिंगियानं नाणं हातात घेतलं, उलटंपालटं केलं. सकाळपर्यंत त्याच नाण्यासाठी तो हजार मोजायला निघाला होता.  मग म्हणाला, "एवढ्याशा चांदीचं काय येणार? जे वजनाला येईल ते."

कुणी हसलं नाही. आपण काय करायला निघालो होतो, हे गर्दीतल्या बर्‍याच जणांना तेव्हा कळलं. दोन माणसं खाली मान घालून पुढं आली. एकानं धोतराच्या गाठीतून आणि दुसर्‍यानं पागोट्यातून कासवछाप नाणी काढून ठेवली.

वितळलेली चांदी विकून चुना आला, दगड आला, मजुरांची मजुरीही भागली. ती तीनही नाणी होती तिथं, मोरीखाली बसवली. शेवटचा चुना सोणकानं आपल्या हातानं लिंपला. चंदनाच्या पाटाच्या खोबणी घासून सपाट केल्या, आणि पुढं अनुला त्यावर लेकीला न्हाऊ घालायची.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली, ती एका उपासकाला उद्देशून. शेजार्‍याकडे आहे तसा दुर्मीळ रत्नकंबल, रत्नं जडवलेला उंची शेला, आपल्याकडेही हवा, म्हणून तो राहतं घर गहाण टाकायला निघाला होता, आणि त्याची बायको दोन लेकरं घेऊन विहाराच्या दारात बसली होती. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पिंगिय आज तुझा शेजारी आहे. तेव्हाची अनुला म्हणजे या सभेत मागं बसलेली ती वृद्ध भिक्खुणी. सुभग मीच होतो. आणि उपासका, पोरं ज्याच्या खाली निजत होती तो बांध ज्यानं उकरला, तो सोणक तूच होतास."

 उपासकानं मागं वळून दाराकडे पाहिलं. धाकटं पोर आईच्या मांडीवर झोपलं होतं.

शास्ते पुढं म्हणाले, "त्या जन्मी मी नैष्क्रम्य पारमिता पाळली. जे मनापासून हवंहवंसं वाटतं, ते कुणाच्या तरी डोक्यावर कोसळण्याआधी हातातून सोडून देणं, हेच नैष्क्रम्य."

उपासकानं वंदन केलं, आणि तो रत्नकंबलाच्या दुकानाकडे न जाता लेकराला खांद्यावर घेऊन घरी गेला.