केरबा गुरुजींचे हजार धोंडे

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांचे आजोबा दुधाचे दात पाडत होते तेव्हा, सह्याद्रीच्या माथ्यावर हुंबरमाळ नावाच्या गावात केरबा गुरुजी होते. शाळेत गुरुजी एकच, त्यामुळे भूगोल, इतिहास, कवायत, सगळं त्यांच्याच गळ्यात. पण जीव होता गणितात. ते म्हणायचे, "भूगोल खिडकीतून दिसतो. गणित मात्र पोराच्या हातात द्यावं लागतं."

आणि देत तरी किती! असं म्हणतात, की गुरुजी चालू लागले की कोटाच्या दोन्ही खिशांत चिंचोके खुळखुळायचे आणि पोरांना लांबूनच कळायचं, गणित आलं. रिठ्याच्या बिया ओवून त्यांनी शंभर मण्यांच्या माळा केल्या. बांबूच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाव, अर्धा, पाऊण शिकवायला स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडायचे. पोरं इतकी हुशार, की पाऊण समजेपर्यंत भाकरीच संपायची. गुरुजी उपाशी, पण खूश!

एकच सल होता त्यांना. गावापलीकडे सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, दुसऱ्या टोकाला धनगरवाडा होता. तिथली नऊ पोरं शाळेत यायची, पण मृगापासून दसऱ्यापर्यंत सड्यावर धुकं उतरायचं. वाटेच्या डाव्या हाताला कडा, आणि कडा कसला, खाली टाकलेला दगड वाजलेला कुणी ऐकला नव्हता. दरवर्षी दोन-चार मेंढरं धुक्यात पाय चुकून जायची. मग आया पोरांना कशाला पाठवतील? चार महिन्यांनी पोरं परत यायची ती सगळं विसरून. पुन्हा एकपासून सुरुवात. अडतीस वर्षं गुरुजी हेच पाहत होते. आता नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं आणि धनगरवाड्यातलं एकही पोर विसाच्या पुढं टिकलं नव्हतं.

एक दिवस सड्यावरून चालता चालता गुरुजी थबकले. मोठ्यानं हसले. वाटेलाच माळ करायची! वाटच मोजता आली, तर पोरं धुक्यातून येतील, आणि येता-जाता शिकतीलही!

त्या उन्हाळ्यात गुरुजींनी शाळेपासून धनगरवाड्यापर्यंत एक हजार धोंडे बसवले. लहान पोराच्या एका ढांगेवर एक. दर दहावा धोंडा रुंद, म्हणजे अनवाणी पायाला कळावा. दर शंभरावा उभा, त्यावर छिन्नीनं आकडा कोरलेला. असं म्हणतात, की धोंडे उचलायला ते एकटेच होते. काही म्हणतात, धोंडे त्यांच्यामागून आपणच चालत यायचे. मला विचाराल तर त्यांचे तळहात सोलून निघाले होते, हे मात्र खरं.

शाळेच्या उंबऱ्याशी त्यांनी धोंडा बसवला नाही. ओंजळभर खळगा खणला. धनगरवाड्याची म्हाळू, दहा वर्षांची, खळग्यात डोकावून म्हणाली, "गुरुजी, हितला धोंडा कुठं गेला?"

"इथं शून्य आहे. इथं उभं राहायचं आणि मग मोजायला लागायचं."

"पर हितं तर कायच न्हाई."

"जागा रिकामी असली म्हणून मोजणं थांबत नाही, म्हाळू."

म्हाळूला ते कितपत कळलं कोण जाणे. पोरगी गुणी, पण मोजताना मध्येच कुणी हाक मारली की तिची मोजणी मोडायची आणि ती रडत पुन्हा एकावर यायची.

मृग लागायला आठ दिवस उरले आणि घात झाला. गुरुजी सकाळी सड्यावर येऊन बघतात तो उभ्या दहाही धोंड्यांना भंडारा फासलेला! समोर नारळ, उदबत्त्या. धनगरांचा देव धोंड्यातच असायचा, आणि उभा केलेला धोंडा दिसला की हात जोडायचे, ही त्यांची पिढीजात रीत. उभे ते थोरले देव, आडवे ते धाकटे. झालं! पोरं हात जोडून धोंड्यांच्या कडेनं, काट्याकुट्यातून चालू लागली. धोंड्यावर पाय म्हणून कुणी ठेवेना.

गुरुजी तणतणत म्हाळूच्या आजीकडे गेले. ठकूबाई तिचं नाव. धनगरवाड्यात तिच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही.

"अगं ठकूबाई, तो देव नाही. तो तीनशे आहे!"

"तीनशे आसंल. पर तीनशे द्येव नसतो, आसं कुनी सांगितलं तुमास्नी?"

गुरुजी खिशातले चिंचोके मोजू लागले आणि मोजताना चुकले. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"आवं गुरुजी," ठकूबाई जरा मऊ होऊन म्हणाली, "द्येवाच्या डोस्क्यावर पाय ठिवायचा तर द्येवालाच इचारू. कौल लावू."

सगळा धनगरवाडा पहिल्या उभ्या धोंड्यापाशी जमला. ठकूबाईनं धोंडा ओला केला, चाफ्याच्या दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होकार. आता बघा, गुरुजींनी आयुष्यात कधी कौल मानला नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणाले, पड गं बाई, पड!

उजवी पाकळी पडली. असं म्हणतात, की वारा नव्हता. काही म्हणतात, धोंड्यावरून सरडा पळाला. सरडाही देवाचाच.

मग ठकूबाईनं वहाणा काढल्या. शाळेच्या खळग्यापाशी गेली आणि पहिल्या धोंड्यावर तिनंच पाय ठेवला. तिला येत होतं ते मेंढरं मोजायचं गणित, विसाविसाचं. ती पुटपुटत निघाली, मागं सगळा वाडा. "एक इसा... दोन इसा... तीन... चार..." आणि पाचव्या इसाला तिचा हात थेट उभ्या धोंड्यावर पडला! गुरुजींनी आकड्यावर बोट ठेवलं, "शंभर."

"पाच इसा!" ठकूबाई ओरडली. "माज्या मेंढरांवानी बराबर! आरं, द्येव मोजायला पक्का हाय!" तिनं भंडाऱ्याची मूठ उधळली ती सगळी गुरुजींच्या डोक्यावर. त्या दिवसापासून म्हातारीकोतारीसुद्धा पायांनी मोजत देवदर्शन करू लागली. पोरांचं तर विचारूच नका! तीनशे, पाचशे, सातशे! चिंचोक्यांनी जे अडतीस वर्षांत झालं नाही, ते महिन्याभरात पायांनी झालं.

आणि मग श्रावणातला तो दिवस आला. दुपारी शाळा सुटली. ऊन होतं, म्हणून गुरुजींनी नऊ पोरांना वाटेला लावलं. पोरं दोनशेच्या पुढं गेली असतील नसतील, तोच दरीतून धुकं वर चढलं आणि हाताला हात दिसेना. गुरुजी धावत उंबऱ्यावर आले. त्यात सकाळी पोरं शाळेत आल्यावर पडलेल्या सरीनं सड्यावरचा, वाटेला आडवा जाणारा ओढा फुगून नुकता ओसरला होता; तिथल्या वाटेचं काय झालं कुणास ठाऊक!

धुक्यातून आवाज येत होता. नऊ गळे एका सुरात, "चारशे बारा, चारशे तेरा..." गुरुजी खळग्यात उभे राहून ऐकत होते. पाचशे झाले. सहाशे झाले. "सहाशे अडतीस, सहाशे एकोणचाळीस, सहाशे चाळीस..."

आणि आवाज बंद झाला.

गुरुजींच्या तोंडापर्यंत हाक आली, "म्हाळू!" ती त्यांनी दातांत धरली. आत्ता हाक मारली तर पोरीची मोजणी मोडेल. मोडली तर ती पोरांना घेऊन कुठल्या बाजूला वळेल? डावीकडे कडा होता. गुरुजींनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. असं म्हणतात, की तेवढ्या वेळात त्यांचे उरलेले काळे केस पांढरे झाले.

मग एकच गळा ऐकू आला. बारीक, सावकाश, एकेक आकडा चाचपत. "सहाशे एक्केचाळीस... सहाशे बेचाळीस..." म्हाळू होती ती. गुरुजी ओठ न हलवता तिच्याबरोबर मोजत होते. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. एकोणपन्नास.

"सहाशे पन्नास!" नऊ गळे एकदम फुटले!

गुरुजींनी तोंडातला बोळा काढला. मग मोजणी थांबली नाही. आठशे, नऊशे, आणि शेवटी सड्यापलीकडून ठकूबाईची आरोळी आली, "पन्नास इसा! समदी आली वं गुरुजी!" असं म्हणतात, की ती आरोळी ऐकून धुकंच घाबरून दरीत उतरलं.

दुसऱ्या दिवशी उजेडात गुरुजींनी पाहिलं, ओढ्यानं नऊ धोंडे वाहून नेले होते. सहाशे चाळीसपासून सहाशे पन्नासपर्यंत सगळं मोकळं.

"धोंडेच नव्हते, मग चाललीस कशी गं?"

म्हाळूनं खांदे उडवले. "पोरांस्नी म्हनलं, हात धरा, नाकासमोर चला, आपल्या ढांगंनं. तुमीच सांगितलं न्हवं, जागा रिकामी असली म्हनून मोजनं थांबत न्हाई?" गुरुजींना रडू आवरलं नाही. अख्ख्या शाळेसमोर रडले ते.

पुढं ते गेले. हुंबरमाळानं त्यांच्या नावाचा काळाभोर धोंडा घडवून आणला आणि तो कुठं बसवायचा यावर तीन दिवस भांडण झालं. कुणी म्हणे शंभरावर, कुणी म्हणे हजाराच्या पुढं. तेव्हा म्हाळूबाई त्या शाळेच्या गुरुजी झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुठंच नको. त्यांची जागा ठरलेली हाय." आणि उंबऱ्यापाशी जाऊन खळग्यातला पाचोळा त्यांनी हातानं साफ केला.

ओढ्यातले नऊ धोंडेही गावानं पुन्हा बसवले नाहीत. आजही शाळा उघडते त्या दिवशी सगळं गाव अनवाणी सड्यावर येतं आणि ती दहा पावलं डोळे मिटून चालतं. मोजणाऱ्याला कुणी हाक मारत नाही, घराला आग लागली तरी. आणि निघण्याआधी प्रत्येकजण, अगदी कडेवरचं पोरसुद्धा, त्या रिकाम्या खळग्यात एक श्वासभर पाय ठेवून गप्प उभं राहतं. मग सगळं गाव एकदम ओरडतं, "एक!"