वाळलेल्या चुली

डोंगरावरच्या एका वाडीत फार पूर्वी एक सुगरण राहत असे. तिच्या आमटीचा वास आला की वाटसरू वाट सोडून तिच्या दाराशी यायचे.

एका वर्षी डोंगराखालच्या नदीला पूर आला आणि काठचं गाव पाण्याखाली गेलं. पाणी ओसरलं तेव्हा भिंती खचल्या होत्या, धान्य कुजलं होतं, घरोघरच्या मातीच्या चुली विरघळून गेल्या होत्या. सुगरणीनं बोलावण्याची वाट पाहिली नाही. वाडीतून धान्य गोळा केलं, मोठा हंडा बैलगाडीत घातला आणि ती खाली उतरली.

चिंचेखाली तीन दगड मांडून तिनं हंडा चढवला. लोक पोटभर जेवले. कितीतरी जण जेवताना रडले. "मावशी, तुमी व्हता म्हणून जगलो," म्हणत बायका तिच्या पाया पडायच्या. पोरं हंड्याभोवती घुटमळायची. खरं सांगायचं तर सुगरणीला हे फार आवडू लागलं. घरी नवरा जेवून नुसता ढेकर द्यायचा. इथे अख्खं गाव तिचं नाव घेत होतं.

मग एके दिवशी पंगतीत काही पोरं दिसली नाहीत.

"कुठं गेली ही?" तिनं विचारलं.

"कासारणीकडं," एक बाई म्हणाली. "तिनं गाळाच्या मातीची चूल घातली न्हवं का!"

कासारीण म्हणजे गावात बांगड्या भरणारी बाई. थोड्याच दिवसांपूर्वी ती खापरात विस्तव मागायला आली होती आणि सुगरणीनं तो हसत दिला होता. आता सुगरण मुद्दाम तिच्या दारावरून गेली. आत हुलग्याचं माडगं शिजत होतं. पातळ, वर ना फोडणी ना तूप. आणि पोरं ते भुरके मारत पीत होती, खिदळत होती. माझ्या हंड्याशी ही अशी कधी हसली नाहीत, असं सुगरणीच्या मनात आलं आणि तिच्या पोटात दुखू लागलं. माझ्याच विस्तवावर शिजवते आणि माझीच पोरं पळवते! दुसऱ्या दिवशी तिनं गुळाची लापशी केली. पोरं लापशी खाऊन पुन्हा कासारणीकडे पळाली.

थोड्याच दिवसांत साऱ्या बायकांनी चुली घातल्या, वाळवल्या आणि कासारणीला पुढे करून सगळ्या चिंचेखाली आल्या.

"मावशी," कासारीण म्हणाली, "आमच्यात नवी चूल शेजारणीच्या विस्तवावर पेटवत्यात. तुमच्यापरीस जवळची शेजारीण कोण आमाला? उद्या समद्यांना विस्तव द्या."

केवढा मान होता तो! पण सुगरणीला मान दिसलाच नाही. दिसला तो रिकामा पडलेला हंडा. घरोघर धूर निघाला की आपल्याला कोण विचारणार?

तिनं जाऊन एका चुलीवरून हात फिरवला. चूल खडखडीत वाळली होती.

"ओली हाय अजून," ती म्हणाली. "आत्ता पेटवाल तर तडकंल. आठ दिवस थांबा."

"माझी तर तडकली न्हाई," कासारीण म्हणाली.

"तुझी नशिबानं टिकली."

सुगरणीचा शब्द तो. बायका थांबल्या.

दोनच दिवसांत अवकाळी पाऊस कोसळला. छपरं अजून अर्धीच शाकारली होती. सकाळी पाहतात तो नव्या चुलींचा चिखल झालेला. जाळ लागून भाजलेली कासारणीची चूल तेवढी उभी होती.

बायका चिखलाच्या हातांनी सुगरणीकडे आल्या. आता शिव्या मिळणार, म्हणून ती हंड्यामागे सरकली. पण एक बाई म्हणाली, "मावशी, तुमचंच खरं. कच्च्याच व्हत्या चुली. आता तुमी जाऊ नका. तुमच्याबिगर आमचं कसं व्हायचं?"

हेच तर तिला ऐकायचं होतं. पण समोर त्या बायकांचे चिखलानं माखलेले हात होते. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळणार नव्हतं.

"चुली वाळल्या व्हत्या," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. तुमच्या चुली पेटल्या तर माझ्या पंगतीला कोण यील, असं वाटलं मला. तवाच विस्तव दिला असता तर आज त्या टिकल्या असत्या."

'तुमचंच खरं' म्हणालेली ती बाई रडू लागली. कासारणीनं पदर खोचला.

"मग हितं बसून काय करता? चला चिखल तुडवायला."

सुगरण गुडघाभर चिखलात उतरली. कोणी तिच्याशी हसून बोलत नव्हतं, तरी ती तुडवत राहिली. चुली वाळल्या त्या दिवशी तिनं प्रत्येकीच्या खापरात स्वतःच्या हातानं विस्तव घातला. दुपारी चिंचेखाली एकही माणूस जेवायला आला नाही. गावभर धूर दिसत होता. तो पाहून तिच्या पोटात पुन्हा जरा दुखलंच, नाही असं नाही.

तिनं हंडा घासून गाडीत ठेवला. तेवढ्यात रडलेली ती बाई धावत आली. "मावशी, उपाशी जाऊ नका. माझ्या घरी दोन घास खा."

भाकरी करपली होती. आमटीत मीठ कमी होतं. सुगरणीनं त्यातलं काहीच सांगितलं नाही. तिनं आणखी एक भाकरी मागून घेतली.

तात्पर्य एवढंच: मदतीला जावं ते आपली गरज उरू नये म्हणून. ती उरावी असं वाटू लागलं, की मदतीच्या नावाखाली माणूस नुकसानच करतो.