खिडक्यांची पाटी

फार पूर्वी डोंगराखालच्या एका गावात एका भावाने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. माणूस गेल्यावर त्याच्या हातच्या वस्तूंचं काय करायचं? पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते प्रार्थना करू लागले. शेजारची मार्थामावशी म्हणाली, "आधी दोन घास खा."

या भावाचं नाव रूबेन. ऐन पावसाळ्यात त्याची थोरली बहीण सुवार्ता तापाने गेली. आई तर तो रांगत होता तेव्हाच गेली होती. त्याला वाढवलं ते ताईनेच.

त्या गावात एक पुठ्ठ्याची पाटी होती. तिला छोट्या छोट्या खिडक्या होत्या. डिसेंबर लागला की पाटी देवळाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ओसरीत टांगायची, मुलांनी रोज सकाळी एक खिडकी उघडायची आणि आतलं चित्र पाहायचं. शेवटची खिडकी उघडली की दुसऱ्या दिवशी नाताळ. गावाला दुसरी पाटी घेणं परवडत नव्हतं आणि तशी गरजही नव्हती. सण झाला की ताई पाटी घरी न्यायची, पावसाळा सरला की उन्हात ठेवायची. पुढच्या वर्षी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून जुन्या चित्रांवर नवी चित्रं डकवायची आणि खिडक्या पुन्हा बंद करायची. त्यामुळे पाटी दर वर्षी थोडी जाड होई, थोडी बळकट होई.

ताईला माती दिली त्याच दिवशी रूबेन घरी आला आणि काही विचार न करता पाटी उचलून त्याने ट्रंकेत टाकली. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात अडकवली.

डिसेंबर जवळ आला तशी मुलं दारात आली. सगळ्यांत पुढे तबिथा. एवढीशी, पण जिभेला हाड नाही.

"रूबेनदादा, पाटी दे ना. आम्ही चित्रं काढलीत."

"मिळणार नाही. तिच्यावर ताईच्या हातची चित्रं आहेत. त्यांच्यावर तुम्ही तुमची कोंबडी-बदकं डकवणार!"

"बदक नाही, उंट आहे तो," तबिथा म्हणाली. "आणि ताईसुद्धा डकवायचीच की जुन्यावर नवं."

"ती ताई होती. तू कोण गं? चल, नीघ!"

त्याने दार इतक्या जोरात लावलं की कौलावरची कबुतरं उडाली. बाहेर तबिथाचं रडणं ऐकू आलं. त्याला वाईट वाटलं, पण त्याने दार उघडलं नाही.

मार्थामावशी कुडापलीकडून ओरडली, "अरे, पेटीत कोंडायला ती पाटी काय लोणचं आहे? लोणचंसुद्धा अधूनमधून हलवावं लागतं बाबा!"

त्या संध्याकाळी त्याला ताईची फार आठवण आली. तिच्या हातचं एखादं चित्र तरी पाहावं म्हणून त्याने ट्रंक उघडली. कुबट वास आला. पाटीवर पांढरी बुरशी धरली होती आणि खिडक्यांमधून कागद खाणारी चंदेरी कसर सुळसुळत होती. ताईच्या मेंढरांचे पाय खाल्ले होते, कबुतराचा एक पंख गेला होता, ताऱ्याची नुसती किनार उरली होती.

पाटी छातीशी धरून तो मावशीकडे धावला. "मावशी, मी तर हातसुद्धा लावला नव्हता गं!"

"म्हणूनच," मावशी म्हणाली. "खळ म्हणजे पीठच. सादळली की तिला कसर लागणारच. तुझी ताई दर वर्षी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची, पावसाळा सरला की पाटीला ऊन दाखवायची. औंदा कोणी दाखवलं?"

रूबेन खाली बसला. त्याने शेवटची खिडकी उघडली. आतली ताईची चित्रं एकावर एक बसून त्यांचा जाड थर झाला होता. तो थर सुटला आणि अख्खा त्याच्या हातात आला. खाली थेट पुठ्ठ्यावर रंगाने काढलेलं एक चित्र होतं. झाडाला बांधलेली झोळी, आणि झोळीतून बाहेर आलेला बाळाचा एक पाय.

"हे ताईचं नाही," तो म्हणाला.

"तुझ्या आईचं आहे. पाटी तिनेच केली होती. आणि तो पाय तुझा."

"मग ताईने झाकलं का?"

"आई गेली त्या वर्षी घरात चूल पेटत नव्हती. पण मुलं ओसरीत नव्या चित्रांची वाट बघत होती. तुला कडेवर घेऊन तुझी ताईही बघत होती. मग तिने खळ शिजवली."

"झाकताना तिला काहीच वाटलं नसेल?"

मावशीने चुलीवर पातेलं ठेवलं आणि पिठाचा डबा त्याच्याकडे सरकवला.

रूबेनने स्वतः खळ शिजवली. चिमूटभर मोरचूद घातला. सकाळी पाटी उन्हात ठेवली, कसर झटकली, बुरशी पुसली. मग तो तबिथाच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "तुझा तो उंट आण."

"बदक म्हणालास ना त्याला?"

"चुकलो. आण."

मुलं आली. खरकट्या हातांनी, सांडत-लवंडत त्यांनी चित्रं डकवली. रूबेन त्यांच्या वाटीत खळ ओतत राहिला.

शेवटची खिडकी त्याने कोणाला दिली नाही. आईच्या झोळीवर त्याने ताईचा थर होता तसा परत चिकटवला. त्यावर स्वतःचं चित्र लावलं. त्याला चित्र काढता येत नव्हतं. खळीची वाटी आणि तीत उभा केलेला ब्रश, एवढंच वेडंवाकडं जमलं होतं. खळ धरेपर्यंत त्याने त्यावर तळहात दाबून ठेवला. मग खिडकी बंद केली आणि पाटी नेऊन देवळाच्या ओसरीतल्या खिळ्याला टांगली.

तात्पर्य: गेलेल्या माणसाच्या हातचं कुलपात ठेवलं तर ते कसरीचं होतं, त्यावर पुढचे हात फिरले तरच ते आपल्या माणसाचं राहतं.